बिनचूक उत्तर

आमच्या ह्यांचं इंग्रजी कॉलेजात दोनदा राहिलं. तिसऱ्यांदा ह्यांनीच इंग्रजीला सोडचिठ्ठी दिली आणि साडीच्या दुकानात नोकरी धरली. तेच हे परदेशात जाऊन इंग्रजीचे सर झाले. हसा, खुशाल हसा. मीही हसले होते, आणि मग मलाच बाडबिस्तरा बांधून ह्यांच्या मागे जावं लागलं.

झालं असं, की मालकाच्या मुलांच्या भांडणात साडीचं दुकान बंद पडलं आणि हे घरी बसून मोबाइल चाळायला लागले. चाळता चाळता जाहिरात दिसली: परदेशात इंग्रजी शिकवा, पदवी नको, अनुभव नको. मी म्हटलं, "अहो, पदवी नको, अनुभव नको, मग ह्या लोकांना हवंय तरी काय?" हे म्हणाले, "उमेद हवीय." उमेद काय, ह्यांच्याकडे पोत्याने होती. तिला आजवर गिऱ्हाईक मिळालं नव्हतं एवढंच.

मुलाखत मोबाइलवरच झाली. वर लग्नातला कोट, खाली घरातली पट्ट्यापट्ट्यांची विजार, आणि शेजारी स्टुलावर मी, हातात टेबललॅम्प धरून, कारण म्हणे चेहऱ्यावर उजेड हवा. पलीकडे संस्थेचा मालक होता. त्याने विचारलं, डिग्री? हे म्हणाले, नो सर. एक्स्पीरियन्स? नो सर. "व्हेरी गुड," तो म्हणाला, "म्हणजे वाईट सवयी नाहीत." मग त्याने ह्यांना हसून दाखवायला सांगितलं, आणि मग उभं राहायला सांगितलं. मी घाईघाईने लॅम्प वर धरला. हे बिनधास्त उभे राहिले. त्या माणसाने कोट बघितला, विजार बघितली, वरपासून खालपर्यंत उंची बघितली आणि नोकरी पक्की केली. मागे बसलेल्यांना सर दिसले पाहिजेत, एवढीच त्याची अट होती.

ह्यांनी नातेवाइकांत सांगितलं, प्रोफेसर झालो. मी मान खाली घालून बॅगा भरल्या. मुलगी हॉस्टेलमध्ये होती, तिची परीक्षा जवळ आली होती, ती म्हणाली, "आई, तू जा बाबांबरोबर, नाहीतर ते तिथे काहीतरी करून ठेवतील." पोरीला बापाची पारख आहे.

संस्था म्हणजे फर्निचरचं दुकान निघालं. खालच्या मजल्यावर कपाटं, वरच्या मजल्यावर सोफे आणि सोफ्यांवर विद्यार्थी. सोफ्यांचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं, कारण माल विकायचा होता. एखादं वाक्य शिकवत असताना गिऱ्हाईक वर यायचं, सोफा दाबून बघायचं, आणि पसंत पडला की विद्यार्थ्यांनी उठायचं आणि हमालांनी सोफा उचलून न्यायचा. मग तो वर्ग काही दिवस जेवणाच्या टेबलाभोवती भरायचा. एकदा तर सगळे डबलबेडवर मांडी घालून बसले होते आणि हे पायथ्याशी उभे राहून शिकवत होते. एखाद्या आजाऱ्याला बघायला आलेत असं वाटत होतं.

मालकाचा नियम एकच, पण कडक. सरांनी इथल्या भाषेतला एक शब्द बोलायचा नाही, आणि चुकून कळलाच तरी कळल्याचं दाखवायचं नाही. दारावर त्याने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं: आमच्या सरांना तुमचं काहीही समजत नाही! ते वाचून लोक आत यायचे. ज्याला आपली भाषा येते त्याचं इंग्रजी ते कसलं, असा तिकडे पक्का समज. ह्यांना हा नियम पाळायला काही कष्ट पडले नाहीत. काही न समजणं ह्यांना उपजतच जमतं.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. घरून केलेली सगळी तयारी चहा निवायच्या आत संपली. समोर माणसं वही उघडून बसलेली: न्हावी, भाजीवाली, दोन ड्रायव्हर, एक शिंपीण, आणि बाकीचे असेच बाहेरदेशी कामाला जायला निघालेले. काहीतरी बोलायला तर हवं. मग ह्यांनी स्वतःबद्दलच सांगायला सुरुवात केली आणि ते फळ्यावर लिहून काढलं. मला एक बायको आहे. माझी बायको तोंडाने तिखट आहे पण मनाने साफ आहे. मला एक मुलगी आहे. तिला गणित आवडत नाही. माझे वडील पोस्टमन होते, त्यांचे गुडघे दुखतात. रविवारी आम्ही सगळे मिळून पंखे पुसतो. थँक यू.

सगळ्यांनी ते उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सगळे पाठ करून आले! हे खूश, मालक त्याहून खूश. त्याने ठरवून टाकलं, की व्हिसाच्या मुलाखतीत "स्वतःबद्दल सांगा" म्हणाले की हेच उत्तर द्यायचं. पुढे फक्त आपलं नाव लावायचं.

मी म्हटलं, "अहो, हे तुमचं उत्तर आहे. त्यांचं कसं असेल?"

"अगं, नमुना आहे तो."

"नमुना तुम्ही आहात."

पण खरं सांगू? आम्ही तरी शाळेत काय वेगळं केलं होतं? 'माझा आवडता पक्षी' लिहा म्हटलं की सगळ्या वर्गाचा आवडता पक्षी मोर. मोर कुणाच्या बापाने पाहिला होता? गाईडात होता, म्हणून आवडता. आमच्या वर्गातल्या एकीने साळुंकी लिहिली तर बाईंनी तिला उभं केलं. हे त्याच मुशीतले, आणि तिकडची माणसंही त्याच मुशीतली. सरांनी फळ्यावर लिहिलं तेच बरोबर, मग आपल्या घरात काही का असेना.

थोड्याच दिवसांत माझं घराबाहेर पडणं मुश्कील झालं. भाजीवाली मला बघितलं की हात जोडून इंग्रजीत म्हणायची, माझी बायको तोंडाने तिखट आहे. न्हावी तर सडाफटिंग, पण तोही दुकानाबाहेर येऊन सांगायचा, की त्याच्या मुलीला गणित आवडत नाही. अख्ख्या रस्त्याच्या वडिलांचे गुडघे दुखत होते. मी चिडून घरी यायचे आणि ह्यांना म्हणायचे, "मनाने साफ आहे हे मला कधी मराठीत सांगितलं नाहीत. परक्या देशातल्या न्हाव्याकडून कळावं लागलं!" हे लाजून फळा पुसायचं फडकं धुवायला घ्यायचे.

आम्ही राहायचो ते घर एका विधवा बाईचं. त्या खाली, आम्ही वर. ह्यांना भाषेची बंदी, मला कोण अडवणार? बाजारहाट माझ्याकडे, भांडायचं माझ्याकडे, त्यामुळे मी मोडकीतोडकी का होईना, इथली भाषा बोलायला लागले. मालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात बसून चहा पिता पिता जे शिकले ते शिकले. आधी मीठ, तेल, पाणी, मग सून, सासू, गुडघा, आणि मग हळूहळू मनातलं. मी त्यांना मनातल्या मनात मावशीच म्हणायचे.

मावशींची एकुलती एक मुलगी लांबच्या देशात. नवरा बोटीवर कामाला, सहा-सहा महिने घरी नाही. मुलीचे दिवस भरत आले होते. मागच्या खेपेला ती घरात एकटीच होती, वेळेवर दवाखान्यात पोचली नाही आणि बाळ हाती लागलं नाही. तेव्हापासून मावशींनी एकच घोशा लावला होता, की या वेळी मी तिच्याजवळ असणार. कागद झाले, तिकीट मुलगी काढणार होती, राहिली होती फक्त व्हिसाच्या कचेरीतली मुलाखत. ती जवळ यायला लागली तसं त्यांचं जेवण तुटलं. म्हणून त्यांनी ह्यांच्या वर्गात नाव घातलं. या वयात! पुढच्या सोफ्यावर, पर्स मांडीवर घेऊन, पोरासोरांच्या आधी हजर.

पाठांतर मात्र बाईंचं लोखंडी. भांडी घासताना, जिना झाडताना, सारखं आपलं चालूच. मी वरून ऐकायचे आणि कपाळाला हात लावायचे. शेवटी ह्यांना धारेवर धरलं.

"अहो, त्या बाईमाणूस आहेत. त्यांना बायको कुठून आली? आणि त्यांची मुलगी हॉस्टेलात नाही, बाळंतपणाला टेकलीय!"

"मालक म्हणतात, साहेब लोक अर्थ बघत नाहीत, सफाई बघतात. न अडखळता बोललं की झालं."

"निदान बायकोच्या जागी नवरा तरी घाला."

ह्यांनी घालून बघितला. बाई गं! एक शब्द बदलला तर मावशींची सगळी गाडीच बंद पडायची, आणि परत पहिल्यापासून सुरू करावी लागायची. त्या रडकुंडीला आल्या. मला म्हणाल्या, "सरांचं आहे तसंच राहू दे. मी नाही चुकणार." मग मीही हात टेकले.

मुलाखतीला मी सोबत गेले. हे वर्ग सोडून येऊ शकत नव्हते, मालकाने डायनिंग टेबलवर नवी बॅच बसवली होती. कचेरी म्हणजे लांबलचक हॉल, भिंतीला बाकं, समोर काचेच्या खिडक्या, आणि खिडकीतल्या साहेबाचा आवाज लाउडस्पीकरवरून सगळ्यांना ऐकू येणार. खिडकीच्या वर मोठी पाटी होती, दोन्ही भाषांत. मी अक्षरं लावत लावत वाचली. लिहिलं होतं, मुलाखत आपल्या भाषेत देता येईल, दुभाषा मोफत आहे. आणि खरंच, साहेबाच्या शेजारी एक मुलगी बसली होती, गळ्यात कार्ड, आपली नखं बघत. तिला कुणी कामच देत नव्हतं!

मी मावशींचा हात धरला. "मावशी, तुमच्या भाषेत बोला. ती बघा, ती सगळं सांगेल साहेबाला. पाटीवर लिहिलंय."

मावशी घाबरल्या. मला म्हणाल्या, "हळू बोल. मालकांनी बजावलंय, दुभाषा मागितला की व्हिसा गेलाच म्हणून समजा. ती पाटी परीक्षा घ्यायला लावलेली असते."

"असं काही नसतं हो!"

"तुला काय माहीत? तू वर्गात येत नाहीस."

त्यांचा नंबर लागला. साहेब चांगला माणूस होता, हे मला सांगितलंच पाहिजे. हसून म्हणाला, गुड मॉर्निंग, कुणाला भेटायला जाताय? मावशी ताठ उभ्या राहिल्या, पर्स छातीशी धरली आणि सुरू झाल्या. माय नेम इज, आणि मग मला एक बायको आहे. साहेबाने मान वर केली. तो पुन्हा म्हणाला, तिकडे तुमचं कोण आहे? मावशी म्हणाल्या, माझी बायको तोंडाने तिखट आहे. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. माझे कान गरम झाले. साहेबाने बोट दाखवून त्या दुभाषी मुलीकडे खूण केली, मुलीने पुढे होऊन त्यांच्याच भाषेत विचारलं, "आजी, माझ्याशी बोलता का?" मावशींनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. जोरजोरात मान हलवली आणि पुढचं वाक्य म्हटलं. तिला गणित आवडत नाही.

मी बाकावरून उठून खिडकीकडे निघाले. शिपायाने हात आडवा केला, एकाच माणसाला परवानगी. मी तिथूनच ओरडले, "मावशी, मुलीचं सांगा हो!" त्यांनी हाताने मला गप्प केलं. लक्ष विचलित झालं असतं ना! वडिलांचे गुडघे झाले, रविवारचे पंखे झाले, आणि शेवटी थँक यू. साहेब त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने एक कागद काढला, खुणा केल्या, शिक्का मारला आणि फटीतून सरकवला.

मावशी बाहेर आल्या त्या तरंगतच. मला मिठी मारली. "एकही चूक नाही! ऐकलंस ना? एकसुद्धा नाही! मधे मधे बोलून मला पाडायला बघत होता तो, पण मी थांबले नाही." आणि कागद माझ्या हातात दिला. "वाच, कधीची तारीख आहे?"

माझं इंग्रजी दहावीपर्यंतचं. पण नकार कळायला तेवढं पुरतं. भेटीचं कारण स्पष्ट झालं नाही, असं लिहिलं होतं, आणि पुन्हा अर्ज करता येईल, पण पुढची तारीख मिळणार ती बाळ बसायला लागल्यावरची. मला सांगवेना. रस्त्यावर गाड्या चालल्या होत्या, बाईंचा चेहरा असा फुललेला, आणि माझ्याकडे त्यांच्या भाषेतले शब्द कितीसे? मीठ, तेल, सून, सासू. त्यातूनच सांगितलं. "मावशी, नाही म्हणाले."

त्यांना आधी वाटलं, मला शब्द सापडला नाही. मी पुन्हा सांगितलं. मग त्या फुटपाथच्या कडेला बसल्या. मला एकच विचारलं, "कुठे चुकलं माझं?"

"कुठेच नाही, मावशी."

"मग?"

मला रडू फुटलं. त्यांना नाही फुटलं, मलाच.

घरी आले ती तावातावाने. हे पोळपाटासमोर बसून माझी वाट बघत होते, तोंडभर हसून म्हणाले, "कळलं का? कचेरीतून आपल्या ड्रायव्हरने फोन करून सगळं सांगितलं. मालक म्हणतात, आजवर कुणी अख्खं उत्तर न थांबता म्हटलं नव्हतं. मावशींचा फोटो लावणार आहेत दारावर."

"व्हिसा नाकारला!"

"हो, पण बिनचूक म्हटलं ना."

मग माझी जीभ सुटली. काय काय बोलले ते सांगत नाही. त्या पोरीचं बाळंतपण, मागचं गेलेलं बाळ, खिडकीतली दुभाषी मुलगी, सगळं ह्यांच्या पुढ्यात ओतलं. हे ऐकत राहिले. चेहरा उतरत गेला. शेवटी म्हणाले, "मी तरी काय करू गं? मला तेवढंच येतं. माझ्या घरातल्या माणसांपलीकडे मला एक वाक्य जोडता येत नाही. तिथे रोज उभा राहतो तेव्हा पाय कापतात माझे." इतक्या वर्षांत ह्यांनी असं कधी बोलून दाखवलं नव्हतं. माझा राग गेला असं नाही, पण मी त्यांच्यासमोर बसले. मग हेच म्हणाले, "तुला त्यांची भाषा येते ना? मला एक प्रश्न शिकव."

तो प्रश्न शिकवायला मला सबंध संध्याकाळ लागली. ह्यांचं पाठांतर कॉलेजपासूनच कच्चं.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांच्याबरोबर दुकानात गेले. खाली मालक एका जोडप्याला कपाट उघडून दाखवत होता. वर वर्ग भरला होता, आणि पुढच्या सोफ्यावर मावशी बसल्या होत्या! पर्स मांडीवर, वही पर्सवर. मला बघून म्हणाल्या, "पुन्हा अर्ज केलाय. या वेळी आणखी पक्कं करते."

हे फळ्यासमोर उभे राहिले. सगळ्यांनी सवयीने श्वास घेतला आणि पहिल्या वाक्याला तोंड उघडलं. ह्यांनी हात वर करून थांबवलं, मावशींकडे बघितलं आणि इथल्या भाषेत, उच्चारांची पार वाट लावत, पण कळेल असं विचारलं, "तुमची मुलगी कशी आहे?"

मग न्हावी उठला. "म्हणजे सरांना आपली भाषा येते?" ड्रायव्हर म्हणाला, "फसवलं आपल्याला!" भाजीवालीने वही मिटली. एकेक जण उठायला लागला, सोफ्यांचं प्लास्टिक करकरलं, जिन्यात पावलं वाजली, आणि खालून मालकाचा आवाज चढत वर येऊ लागला. मी ओरडून सांगत होते, की कचेरीत दुभाषा फुकट असतो, तुमच्या भाषेत बोला, तुमच्या घरातलं बोला. कुणी ऐकून घेतलं नाही. त्यांच्याच भाषेत सांगत होते ना मी, मग माझं काय खरं धरायचं?

मावशी तेवढ्या बसून होत्या. हे त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी जरा बरा जमला. तुमची मुलगी कशी आहे? मावशींनी मान डोलावली. वहीचं कोरं पान काढलं, पेन्सिलीचं टोक जिभेवर ओलं केलं, वरती प्रश्न नीट लिहून घेतला आणि सर उत्तर कधी सांगतात याची वाट बघत, फळ्याकडे तोंड करून बसल्या.